मराठीच्या वाटेने स्वीडिश : रोजच्या साध्या वाक्यांतून व्याकरणाची ओळख

स्वीडनमध्ये इंग्रजीवर निभावतं, असं इथे येणारा प्रत्येक जण ऐकून आलेला असतो, आणि ते खरंही आहे. दुकानात, दवाखान्यात, ऑफिसात समोरचा माणूस तुमचा चेहरा बघून आपणहून इंग्रजीत शिरतो. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. मुलांच्या बालवाडीतून आलेली चिठ्ठी, इमारतीच्या कपडे धुण्याच्या खोलीत लावलेली सूचना, जेवणाच्या सुट्टीत टेबलाभोवती रंगलेल्या गप्पा, हे सगळं स्वीडिशमध्ये असतं.

मी स्टॉकहोमजवळच्या सोल्नाला राहते. पहिलं वर्ष मी स्वीडिश इंग्रजीतून शिकले आणि तिथेच चुकले. प्रत्येक वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळवायचं आणि मग त्याचे शब्द बदलायचे, असा तो खटाटोप होता. पुढे कळलं की या भाषेतल्या निम्म्या गोष्टी इंग्रजीपेक्षा मराठीला जवळच्या आहेत. उरलेल्या निम्म्या दोन्हींपेक्षा निराळ्या आहेत, पण त्या मोजक्या आहेत. पुढे लिहिलंय ते याच वाटेने.

स्वीडिश शब्द इथे मी कानाला ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिले आहेत. स्पेलिंग कोर्समध्ये शिकालच, आणि ते उच्चारापेक्षा वेगळं निघालं तर दचकू नका.

आधी जीभ

स्वीडिश वर्णमालेत २९ अक्षरं आहेत. इंग्रजीची २६ आणि शेवटी तीन जास्तीची: डोक्यावर छोटं वर्तुळ असलेला ए, दोन टिंबांचा ए आणि दोन टिंबांचा ओ. पहिल्याचा उच्चार आपल्या ‘ओ’सारखा, दुसऱ्याचा ‘ए’ किंवा ‘ॲ’सारखा. तिसरा आपल्याकडे नाही. ओठ ‘ओ’ म्हणायला गोल करा आणि आत जिभेने ‘ए’ म्हणा. असा स्वर आला की मी इथे ‘यो’ लिहिलंय, जसं माल्म्यो. ती निव्वळ सोय आहे.

बाकी उच्चारांत मराठी माणूस मालामाल आहे. स्वीडिश ‘त’ आणि ‘द’ दातांना जीभ लावून म्हणतात, थेट आपल्यासारखे. आणि र नंतर त, द, न किंवा स आला, की स्टॉकहोमच्या बोलीत दोन्ही मिळून ट, ड, ण, ष होतात. मूल या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये र आणि न आहेत, उच्चार मात्र ‘बाण’. टेबल म्हणजे ‘बूड’. गुरुवार म्हणजे ‘तूष्दा’. आमच्या वर्गातल्या युरोपातून आलेल्या मंडळींना हा ‘ण’ काढताना घाम फुटायचा, आणि आपण तर ‘बाण’ लहानपणापासून सोडत आलोय. दक्षिणेकडच्या स्कोने प्रांतात र घशातून काढतात, त्यामुळे तिकडे हे मूर्धन्य ऐकू येत नाहीत.

दोन सापळे सांगून पुढे जाते. पहिला, ए, इ यांसारख्या स्वरांआधी क चा उच्चार ‘श’कडे झुकतो आणि ग चा ‘य’ होतो. आयटीवाल्यांनी भरलेल्या ज्या उपनगराला आपले लोक वर्षानुवर्षं ‘किस्टा’ म्हणतात, त्याचा उच्चार ‘शिस्ता’ आहे. गोथेनबर्गला स्वीडिश लोक ‘योतेबॉर्य’ म्हणतात. दुसरा सापळा ऱ्हस्व-दीर्घाचा. ‘ताक’ लांबवून म्हटलं तर छत, तोडून ‘ताक्क’ म्हटलं तर धन्यवाद. लांब ‘ग्लास’ म्हणजे पाण्याचा पेला, तुटक ‘ग्लास्स’ म्हणजे आइस्क्रीम.

पहिली चार वाक्यं

या हेतर सई. — माझं नाव सई.
या बूर ई सोल्ना. — मी सोल्नाला राहते.
या कॉमर फ्रोन इंदिएन. — मी भारतातून आले आहे.
या प्रातार लीते स्वेन्स्का. — मी थोडं स्वीडिश बोलते.

‘या’ म्हणजे मी. बाकीची सर्वनामं अशी: दू (तू), हान (तो), हुन (ती), वी (आम्ही, आपण), नी (तुम्ही, अनेकजण), दोम (ते, त्या). वस्तूंसाठी देन किंवा दे. यांशिवाय ‘हेन’ हे स्त्री-पुरुष भेद न करणारं सर्वनाम आहे. स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीच्या २०१५ च्या आवृत्तीत ते दाखल झालं आणि आता वर्तमानपत्रांतही सहज दिसतं.

आता क्रियापद बघा. मराठीत राहतो, राहते, राहतोस, राहतेस, राहता, राहतात अशी रांग लागते. स्वीडिशमध्ये सगळ्यांना मिळून एकच ‘बूर’. या बूर, दू बूर, हुन बूर, वी बूर, दोम बूर. वर्तमानकाळी क्रियापदाच्या शेवटी बहुधा र असतो आणि करणारा कोणी का असेना, तो हलत नाही. ‘राहते’ आणि ‘राहते आहे’ असा भेदही नाही. या लेसर म्हणजे मी वाचते आणि मी वाचते आहे, दोन्ही.

ही सवलत फुकट मिळत नाही. मराठीत ‘येतेस का?’, ‘जेवलो’, ‘कुठे राहतोस?’ असं कर्ता गाळून बोललेलं चालतं, कारण तो कोण हे क्रियापदच सांगतं. स्वीडिश क्रियापद काहीच सांगत नाही, म्हणून कर्ता लागतोच. इतका लागतो, की खरा कर्ता नसेल तिथे खोटा उभा करतात. दे रेंग्नार. म्हणजे पाऊस पडतोय. दे ए काल्त. थंडी आहे. यातला ‘दे’ म्हणजे कोण, असं विचारू नका. तो जागा धरून बसलेला आहे, एवढंच.

आणि ‘दू’बद्दल. डॉक्टर, साहेब, शाळेचे मुख्याध्यापक, सत्तरीच्या शेजारीण आजी, सगळ्यांना दू म्हणजे तू. पूर्वी इथेही हुद्दा आणि आडनाव घेऊन, जवळजवळ तिसऱ्या पुरुषात बोलायची रीत होती. १९६७ मध्ये ब्रूर रेक्सेड हे सरकारी वैद्यकीय मंडळाचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी आपण सर्वांना दू म्हणणार असं जाहीर केलं, आणि तेव्हा पसरत चाललेल्या या बदलाला त्यांचंच नाव चिकटलं. आपल्याला वयाने मोठ्या माणसाला ‘तू’ म्हणताना जीभ अडखळते. मी पहिले काही महिने सर्वनाम येईल असं वाक्यच टाळायचे. तसं करू नका. ‘नी’ म्हणून मान द्यायला गेलात तर काहींना उलट परकं वाटतं.

पंगतीतला दुसरा पाट

संबंध स्वीडिश व्याकरणातला एकच नियम लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. साध्या विधानवाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं. पंगतीत दुसरा पाट क्रियापदासाठी राखीव आहे असं समजा. पहिल्या पाटावर कोणीही बसो, दुसऱ्यावर क्रियापदच.

वी ओकर बुस इदाग. — आम्ही आज बसने जातो.

इथे वी पहिला, ओकर (जातो) दुसरा. आता ‘आज’वर जोर द्यायचा म्हणून ‘इदाग’ पहिल्या पाटावर आणला. मग?

इदाग ओकर वी बुस. — आज आम्ही बसने जातो.

‘इदाग’ने पहिला पाट घेतला, ओकर जागचा हलला नाही, म्हणून बिचारा ‘वी’ उठून तिसऱ्या पाटावर गेला. आपण सगळे इथे ‘इदाग वी ओकर बुस’ म्हणतो, कारण मराठीत ‘आज आम्ही’ आणि इंग्रजीतही त्याच क्रमाने. दोन्ही भाषा मिळून आपल्याला खड्ड्यात घालतात. स्वीडिश माणसाला अर्थ कळतो, पण कानाला खटकतं.

पहिल्या पाटावर एकच शब्द बसतो असं नाही, एकच घटक बसतो. तो कितीही लठ्ठ असू शकतो.

नू द्रिकर या काफे. — आत्ता मी कॉफी पितेय.
पो मोरॉनेन द्रिकर या काफे. — सकाळी मी कॉफी पिते.
नेर या कॉमर हेम, लागार या मात. — घरी येते तेव्हा मी स्वयंपाक करते.

शेवटचं वाक्य नीट बघा. ‘नेर या कॉमर हेम’ हे अख्खं गौणवाक्य एका पाटावर मांडी घालून बसलंय. त्यानंतर लगेच मुख्य क्रियापद ‘लागार’, आणि मगच ‘या’. हे जमलं की आपण पुढच्या इयत्तेत गेलो असं समजायचं.

ओ (आणि), मेन (पण), एल्लेर (किंवा) हे वाक्यं जोडणारे शब्द पंगतीत बसत नाहीत, दारात उभे राहतात. म्हणून ‘मेन या द्रिकर काफे’ बरोबर. पाटांची मोजणी ‘या’पासून.

सरावाला एक खेळ सुचवते. एक वाक्य घ्या आणि त्यातला प्रत्येक तुकडा आळीपाळीने पहिल्या पाटावर बसवा. वी ओकर बुस तिल यॉब्बेत इदाग, म्हणजे आम्ही आज कामाला बसने जातो. मग इदाग ओकर वी बुस तिल यॉब्बेत. मग तिल यॉब्बेत ओकर वी बुस इदाग. भांडी घासताना रोज दहा वाक्यं अशी फिरवली, तर महिन्याभरात तोंड आपोआप वळतं. नियम पाठ करून ते वळत नाही, हे अनुभवाने सांगते.

प्रश्न, आणि ‘पिते की!’

हो-नाहीचा प्रश्न असेल तर क्रियापद पहिल्या पाटावर येतं. ‘का’सारखा शब्द लागत नाही.

द्रिकर दू काफे? — तू कॉफी पितेस का?
बूर दू ई माल्म्यो? — तू माल्म्योला राहतोस का?

प्रश्नार्थक शब्द असेल तर पहिला पाट त्याचा, दुसरा नेहमीप्रमाणे क्रियापदाचा. वाद हेतर दू? (तुझं नाव काय?) वार बूर दू? (कुठे राहतेस?) नेर कॉमर बुस्सेन? (बस कधी येते?) भरभर बोलताना ‘बूर दू’चं ‘बूडू’ होतं. तोच र आणि द.

उत्तरात हो म्हणजे ‘या’, नाही म्हणजे ‘नेय’. हा ‘या’ आणि ‘मी’ या अर्थाचा ‘या’ जवळपास सारखेच ऐकू येतात, त्यावर इलाज नाही. तिसरं एक उत्तर आहे, ‘यू’. कोणी नकारार्थी विचारलं, द्रिकर दू इंते काफे?, तू कॉफी पीत नाहीस का?, आणि तुम्ही पीत असाल, तर ‘या’ म्हणून चालत नाही, ‘यू’ म्हणायचं. इंग्रजीत याला नेमका शब्द नाही. मराठीत आहे: ‘पिते की!’ त्या ‘की’त जे आहे, तेच ‘यू’मध्ये आहे.

नाही कुठे ठेवायचं

नाही म्हणजे ‘इंते’. साध्या वाक्यात ते क्रियापदानंतर येतं, जसं आपलं ‘पीत नाही’.

या द्रिकर इंते काफे. — मी कॉफी पीत नाही.
इदाग द्रिकर या इंते काफे. — आज मी कॉफी घेत नाही.
या कान इंते कॉमा इदाग. — मी आज येऊ शकत नाही.

दुसऱ्या वाक्यात कर्ता तिसऱ्या पाटावर गेला, म्हणून इंते चौथ्या. तिसऱ्या वाक्यात दोन क्रियापदं आहेत, कान (शकणे) आणि कॉमा (येणे). इंते पहिल्याला चिकटतं.

गौणवाक्यात मात्र उलटं. ‘कारण’, ‘की’, ‘जर’ यांच्यामागून येणाऱ्या वाक्यात इंते क्रियापदाच्या आधी सरकतं.

या कॉमर इंते, एफ्तषॉम या इंते हार तीद. — मी येत नाही, कारण मला वेळ नाही.

एकाच वाक्यात पहिलं इंते क्रियापदानंतर, दुसरं आधी. स्वीडिश शिकणाऱ्यांना यासाठी ‘बिफ’ नावाचा नियम घोकायला लावतात. बीसात्स (गौणवाक्य), इंते, फ्योरे (आधी), फिनीता (काळ दाखवणारं क्रियापद) या शब्दांची ती आद्याक्षरं. सुरुवातीला हे बोलताना चुकलं तर चुकू द्या. ऐकताना ओळखू आलं तरी पुरे.

एन की एत? ‘ते’ला विचारून बघा

नामांची दोन लिंगं आहेत. एन-वाली आणि एत-वाली. एन बील (एक गाडी), एत हूस (एक घर). साधारण चारातले तीन शब्द एन-वाले असतात, म्हणून माहीत नसेल तर एन ठोकून द्यावं, असा सल्ला सगळे देतात. ठीक आहे, पण उरलेल्या एकाचं काय करायचं?

एन-वाला वर्ग म्हणजे जुन्या पुल्लिंग आणि स्त्रीलिंगाची बेरीज. एत-वाला म्हणजे नपुंसकलिंग, आणि ते तर आपल्या घरचं आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला घराला लिंग का असावं हेच समजत नाही. आपण ‘ते घर’ न विचारताच म्हणतो. मी एकदा सहज वहीत यादी करायला बसले तर ही जुळवणी निघाली:

ते घर, एत हूस. ते मूल, एत बाण. ते झाड, एत त्रेद. ते पान, एत ब्लाद. ते टेबल, एत बूड. ते सफरचंद, एत एप्ले. ते अंडं, एत एग. ते पत्र, एत ब्रेव. ते नाव, एत नाम्न. ते डोकं, एत हूवुद. ते हाड, एत बेन. ते हृदय, एत येट्टा. पाणी, मीठ आणि लोणी हे मोजता न येणारे शब्दसुद्धा दोन्हीकडे नपुंसक.

याला नियम समजू नका, नाहीतर फसाल. पुस्तक आपल्याकडे ते, इथे एन बूक. दूध ते, पण म्योल्क एन-वाला. तिकीट, शहर, फळ, गाव, सगळे इथे एन. तरी नेहमीच्या एत-वाल्या शब्दांतले बरेचसे या खुंटीला टांगता येतात, आणि न जुळणारे वेगळे लक्षात ठेवायला सोपे जातात. खात्री करायची असेल तर स्वीडिश अकादमीचे शब्दकोश इंटरनेटवर मोफत आहेत. शब्द नेहमी एन किंवा एत लावूनच वहीत लिहा. नुसतं ‘बूड’ लिहिलंत तर अर्धाच शब्द लिहिला असं समजा.

जोडशब्द आला तर शेवटच्या पदाचं लिंग धरायचं. सोम्मार (उन्हाळा) एन-वाला, हूस एत-वालं, म्हणून उन्हाळी घर म्हणजे एत सोम्मारहूस. लिहिताना मध्ये जागा सोडायची नाही. ती सोडली की शुद्धलेखनाचे कैवारी इथेही आपल्याइतकेच चिडतात.

नामाचं शेपूट

एन आणि एत म्हणजे ‘एक’, ‘कुठला तरी’. ‘ती ठरावीक गाडी’ म्हणायचं असेल तर तेच एन उचलून नामाच्या मागे चिकटवायचं. एन बील, बीलेन. एत हूस, हूसेत. शेवटी स्वर असेल तर नुसता न किंवा त: एत एप्ले, एप्लेत. मागे प्रत्यय जोडण्याची सवय आपल्याला जन्मापासून आहे. घर, घरात, घराला, घराचं. मालकीही अशीच मागे लागते, फक्त एका स ने: सईस बील, सईची गाडी.

या हार एन बील. बीलेन ए नी. — माझ्याकडे एक गाडी आहे. गाडी नवी आहे.

इथला ‘नी’ म्हणजे नवी. तो ‘तुम्ही’वाल्या नीपेक्षा ओठ गोल करून म्हणतात.

अनेकवचनाचे पाच प्रकार आहेत. आ-कारान्त एन-वाले ‘उर’ घेतात: फ्लिक्का (मुलगी), फ्लिक्कुर. पुष्कळसे एन-वाले ‘आर’ घेतात: बील, बीलार, पॉयके (मुलगा), पॉयकार. शेवटच्या अक्षरावर जोर असलेले परके शब्द ‘एर’ घेतात: बिलयेत, बिलयेत्तर. स्वरान्त एत-वाल्यांना न लागतो: एप्ले, एप्लेन. व्यंजनान्त एत-वाले बदलतच नाहीत: एत हूस, त्वो हूस. एक बाण, दोन बाण, दहा बाण.

‘त्या गाड्या’ म्हणताना बीलारला ना लागून बीलाणा होतं, फ्लिक्कुरचं फ्लिक्कुणा, एप्लेनचं एप्लेना. न बदलणाऱ्यांना एन लागतो: हूसेन, बाणेन. म्हणजे हूसेत हे एक घर आणि हूसेन ही अनेक घरं. इथे चुकत नाही असा परदेशी माणूस मला अजून भेटायचा आहे. काही शब्द आतला स्वरच बदलतात, जसं हान्द (हात) आणि हेन्दर. असे शब्द थोडे आहेत आणि रोजचे आहेत, वापरून पाठ होतात.

मोठा, मोठं, मोठ्या

विशेषण नामाप्रमाणे बदलतं, हे आपल्याला नवं नाही. एन स्तूर बील, एत स्तूट हूस, त्वो स्तूरा बीलार. एत-वाल्याला त लागतो, आणि र-त मिळून ट झालाच. अनेकवचनाला आ. इंग्रजीत विशेषण नामापुढे ढिम्म असतं, म्हणून तिथून आलेल्यांना हे जड जातं.

‘ती मोठी गाडी’ म्हणताना स्वीडिश भाषा दोनदा खूण करते, पुढेही आणि मागेही. देन स्तूरा बीलेन. दे स्तूरा हूसेत. दोम स्तूरा बीलाणा. इथे विशेषण सगळीकडे ‘स्तूरा’. दुहेरी खूण उगाच वाटते, पण तोंडात बसली की विचार करावा लागत नाही.

काल काय केलं

कालच्या गोष्टीसाठी एक रूप, आणि ‘केलं आहे’ या अर्थाला ‘हार’ लावून दुसरं. काम करणे: यॉब्बार, यॉब्बादे, हार यॉब्बात. फोन करणे: रिंगर, रिंगदे, हार रिंगत. विकत घेणे: श्योपर, श्योपते, हार श्योपत. राहणे: बूर, बुद्दे, हार बुत्त. नियमित क्रियापदं या चार साच्यांत मावतात. नवं क्रियापद दिसलं की तीन रूपं एका दमात म्हणा, पाढे म्हणतो तशी.

अनियमित क्रियापदं आतला स्वर बदलतात. द्रिकर, द्राक, हार द्रुकित (पिणे). एतर, ओत, हार एतित (खाणे). स्क्रीवर, स्क्रेव, हार स्क्रीवित (लिहिणे). गोर, यिक, हार गॉत (चालत जाणे). अशी वीस-पंचवीस पाठ केली की रोजचा संसार चालतो.

ईगोर द्राक या काफे. — काल मी कॉफी प्यायले.
या हार बुत्त हेर ई त्वो ओर. — मी इथे दोन वर्षं राहते आहे.

मराठीत भूतकाळात क्रियापद कधी कर्माकडे बघतं, ‘मी पत्र लिहिलं, कविता लिहिली’. इथे ते कोणाकडेच बघत नाही. भविष्यकाळासाठी निम्म्या वेळा वर्तमानकाळच पुरतो, ‘उद्या पुण्याला जातेय’ म्हणतो तसा: या ओकर तिल योतेबॉर्य इमोरॉन. ठरवून करायचं असेल तर ‘स्का’ लावा. स्का (करणार), कान (शकणे), विल (हवं असणे), मॉस्ते (भाग असणे) आणि फोर (परवानगी असणे) यांच्यामागून मूळ क्रियापद येतं: या विल द्रिका काफे.

‘फोर’वरून आठवलं. फोर म्हणजे परवानगी असणे, मिळणे, आणि मेंढीसुद्धा. इथली पोरं एकमेकांना विचारतात: फोर फोर फोर? नेय, फोर फोर इंते फोर, फोर फोर लाम. मेंढीला मेंढी होते का? नाही, मेंढीला मेंढी होत नाही, कोकरू होतं. प्रश्नाचा क्रम, इंतेची जागा आणि न बदलणारं अनेकवचन, एवढं सगळं त्या पोरखेळात आहे.

कॉफी मागायची असेल तर ‘कान या फो एन काफे, ताक्क?’ म्हणायचं. ‘प्लीज’ला तंतोतंत शब्द नाही. आपणही चहाच्या टपरीवर ‘कृपया’ म्हणत नाही.

आपली बायको आणि त्याची बायको

हान रिंगर सिन फ्रू. — तो आपल्या बायकोला फोन करतो.
हान रिंगर हान्स फ्रू. — तो त्याच्या (म्हणजे दुसऱ्या कोणाच्या) बायकोला फोन करतो.

‘सिन’ म्हणजे आपला, स्वतःचा. कर्त्याचीच वस्तू असेल तर सिन, एत-वाल्यासाठी सित, अनेकांसाठी सीना. इंग्रजीतून येणारे इथे आठवडे घालवतात आणि तोवर गमतीदार गैरसमज पसरवतात. मराठीत हा फरक तयार आहे, फक्त आठवायचा. दोन मर्यादा सांभाळा. सिन हा तो, ती, ते यांच्यासाठीच, ‘मी आपलं काम करते’ तिथे मिन म्हणजे माझं, असंच म्हणायचं. आणि सिन कर्त्याला लागत नाही.

नात्यांच्या शब्दांतही हेच सुख. मूर म्हणजे आई, फार म्हणजे बाप. मुस्तर म्हणजे मावशी, फास्तर म्हणजे आत्या, मुर्ब्रुर म्हणजे मामा, फार्ब्रुर म्हणजे काका. आईची आई मुरमुर, बापाची आई फार्मुर. इथे स्वीडिश आपल्याही पुढे, आपल्याकडे दोघी आजीच. मुलांना ‘अंकल-आंटी’ शिकवण्यापेक्षा हे शिकवलेलं बरं.

घड्याळ

हाल्व त्रे म्हणजे अर्धा तीन. मी साडेतीन समजले आणि ठरलेल्या भेटीला तासभर उशिरा पोचले. हाल्व त्रे म्हणजे अडीच! आपलं ‘साडे’ उलटून गेलेल्या तासात भर घालतं, यांचं ‘हाल्व’ येणाऱ्या तासाकडे बघतं. साडेतीनला हाल्व फीरा म्हणतात, अर्धा चार. पावणेतीन मात्र दोन्हीकडे तीनमधून वजा: क्वाट ई त्रे.

शब्दयोगी अव्ययांवर फार वेळ घालवू नका. ई म्हणजे आत, पो म्हणजे वर, तिल म्हणजे कडे. ई स्कूलान म्हणजे शाळेत, पो यॉब्बेत म्हणजे कामावर, इथवर मराठी साथ देते. बसमध्ये असताना मात्र ‘पो बुस्सेन’. जागेसकट पाठ करा.

आता हे वाचा

नगरपालिकेचे एसएफआय वर्ग, म्हणजे परदेशातून आलेल्यांसाठीचे स्वीडिशचे वर्ग, मोफत असतात. स्वीडिश ओळख क्रमांक मिळाला की नाव घाला. अ ते ड अशा चार पायऱ्या आहेत, आणि शिकलेल्या माणसाला बरेचदा पुढच्या पायरीवर बसवतात. ‘ओत्ता सीदोर’ म्हणजे आठ पानं या नावाचं सोप्या स्वीडिशमधलं बातमीपत्र रोज पाच मिनिटं मोठ्याने वाचा. तोवर हा उतारा:

इदाग ए दे मॉन्दाग. दे रेंग्नार. या तार इंते बीलेन, एफ्तषॉम देन इंते स्ताटार. नू सित्तर या पो बुस्सेन ओ लेसर. क्लॉकान हाल्व त्रे कॉमर बाणेन हेम. दो लागार वी मात. ईगोर रिंगदे मिन मुस्तर. हुन हार श्योपत एत स्तूट बूड.

आज सोमवार आहे. पाऊस पडतोय. मी गाडी नेत नाही, कारण ती सुरू होत नाही. आत्ता मी बसमध्ये वाचत बसले आहे. अडीच वाजता मुलं घरी येतात. तेव्हा आम्ही स्वयंपाक करतो. काल माझ्या मावशीने फोन केला. तिने एक मोठं टेबल घेतलं आहे.

प्रत्येक वाक्यातल्या क्रियापदाखाली रेघ मारा आणि ते कितव्या पाटावर बसलंय ते मोजा. ‘ओ’नंतरचं ‘लेसर’ आणि ‘हार’मागचं ‘श्योपत’ सोडलं, तर एकच क्रियापद नियमाबाहेर बसलेलं दिसेल. ते तिथे का बसलं, हे ‘इंते’च्या भागात आलंय. मग सोमवारचा गुरुवार करा, ‘तूष्दा’ म्हणून, आणि मावशीच्या जागी मामाला आणून उतारा पुन्हा म्हणा.